चार्ल्स्टनची माफी: श्रद्धेचं बळ की गुन्हेगाराला सूट?

निशाचर:
१७ जून २०१५. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्स्टन शहरात, कृष्णवर्णीयांच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलचा अभ्यासवर्ग चालू होता. एक अनोळखी गोरा तरुण आला, लोकांनी त्याला आपल्यात बसवून घेतलं. शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्याने पिस्तूल काढलं. नऊ जण गेले. दोन दिवसांनी कोर्टात मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याला 'माफ केलं' असं सांगितलं. त्याला वांशिक युद्ध पेटवायचं होतं, ते या माणसांनी पेटू दिलं नाही. वंशद्वेषाला याहून सणसणीत उत्तर मला तरी माहीत नाही.

तर्कट:
सणसणीत? लागलं कोणाला? खटल्यात त्याने पश्चात्तापाचा एक शब्द काढला नाही. आणि पिस्तूल मिळालं कसं ते बघा: ग्राहकाची सरकारी तपासणी कामाच्या तीन दिवसांत पुरी झाली नाही तर दुकानदार हत्यार विकू शकतो, असा तिथला कायदा. माफीचं कौतुक जगभर झालं, नियमाची चर्चा चार दिवसांत विरली. मारायचं एकाने, माफ करायचं दुसऱ्याने आणि गहिवरायचं तिसऱ्याने!

रानवारा:
तर्कट, माफ केलं म्हणजे खटला सोडला असं नव्हे. २०१७ मध्ये त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. तपासणीतल्या चुकीबद्दल कुटुंबांनी सरकारलाही कोर्टात खेचलं, २०२१ मध्ये ८.८ कोटी डॉलरची तडजोड झाली. मनातला डंख काढायचा आणि हिशेबही मागायचा, दोन्ही जमतं की.

तर्कट:
जमतं, मान्य. पण ते करून दाखवायची सक्ती नेहमी मार खाणाऱ्यावरच का? १९६३ मध्ये अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅम शहरात गोऱ्या वंशद्वेष्ट्यांनी कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब फोडला, चार मुली मेल्या. पहिली शिक्षा १९७७ ला! १४ वर्षं माफ करणार कोणाला?

मीरा_क:
सगळ्या नातेवाइकांनी माफ केलेलं नाही, हेही धाग्यात यायला हवं. न करणाऱ्यांची श्रद्धा काय कमी होती?
दुसरं म्हणजे ब्री न्यूसम ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती. हत्याकांडानंतर विधानभवनावरचे झेंडे अर्ध्यावर आले, पण आवारातला गुलामगिरीवाल्या बंडखोर राज्यांचा झेंडा पूर्ण उंचीवरच. २७ जूनला ही बाई दोर-पट्टे बांधून खांबावर चढली आणि झेंडा काढला. खाली पोलीस उभे, ही बायबलमधलं स्तोत्र म्हणत उतरली आणि अटक झाली. झेंडा लगेच परत चढवला, पण १० जुलैला राज्याला तो कायमचा उतरवावा लागला. श्रद्धेचं उत्तर असंही असतं.

निशाचर:
मीरा, मुद्दा पटला. पण तिचं धाडस मोठं ठरवायला कोर्टातल्या त्या नातेवाइकांना भोळं ठरवू नका. खुन्याशी बोलताना आवाज कापत होता, तरी शब्द मागे घेतला नाही कोणी.

तर्कट:
त्यांना भोळं मी म्हणालोच नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांना म्हणालो. त्यातल्या किती जणांनी तो तीन दिवसांचा नियम बदला म्हणून आपल्या आमदार-खासदाराला जाब विचारला?