दातांसाठी ६०,००० रुपयांचा अंदाज मिळाला आहे. सुरुवात कुठून करावी?

मनीषनगरचा भाडेकरू

नमस्कार. माझे वय २४ असून मी नागपुरात मिहान या औद्योगिक क्षेत्रातील एका कंपनीत रात्रपाळी करतो. पगार २०,००० रुपये आहे. खोलीचे भाडे, मेस, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे वजा जाता महिन्याकाठी जेमतेम ४,००० रुपये उरतात. गेल्या महिन्यात खालची उजवी दाढ इतकी ठणकू लागली की पाळी अर्ध्यावर सोडून खोलीवर यावे लागले. दुसऱ्या दिवशी एका खासगी दवाखान्यात दाखवले, तेव्हा तीन दातांचे रूट कॅनाल व त्यांवर झिरकोनियाच्या (दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या) कॅप यांचे ४५,०००, अक्कलदाढ काढण्याचे ७,०००, चार फिलिंगचे ६,००० आणि दात साफ करण्याचे २,००० असा एकूण ६०,००० रुपयांचा अंदाज हातात पडला. तिथेच हप्त्यांचा अर्जही समोर ठेवण्यात आला. मी तो भरला नाही.

लपवण्यासारखे काही नाही म्हणून सांगतो, कॉलेजची तीन वर्षे मी खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाल्ला आणि आता रात्रभर गोड चहा पितो. बाबांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, परंतु बहाराचे पैसे यायच्या आधीच वाटून गेलेले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे मागायला मन धजत नाही. औषधांनी ठणका सध्या थांबला आहे. सहा महिने थांबून पैसे जमवले तर चालेल का?

डेंटलचा जुना पेशंट

मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात, म्हणजे आपण ज्याला नुसते ‘डेंटल’ म्हणतो तिथे, मी स्वतः दोन दाढांचे रूट कॅनाल करून घेतले आहे. बाहेर मागितलेल्या रकमेच्या लहानशा हिश्श्यात माझे काम झाले. मात्र पैशांची बचत तिथे वेळेने फेडावी लागते, हे आधीच मनाशी धरून जावे.

सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, तपासणी करून घ्यायची, एक्स-रे काढायचा आणि मग ज्या विभागात पाठवतील तिथे तारीख घ्यायची, असा तिथला क्रम असतो. काम विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्पा शिक्षकांना दाखवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. माझ्या दाढेवर काम करणारी मुलगी केसासारखी बारीक फाइल आत घालायची, तिच्यावरचा रबराचा इवलासा ठोकळा दाताच्या टोकाशी टेकवायची, मग ती बाहेर काढून पट्टीवर मोजायची आणि वहीत मिलिमीटर लिहून घ्यायची. बाहेर जे काम एक-दोन बैठकांत उरकते, त्याला मला पाच फेऱ्या लागल्या. रात्रपाळीमुळे आपल्या सकाळी मोकळ्या असतात, ही जमेची बाजू समजा; झोपेचे खोबरे होईल, ते वेगळे.

हिंगणा रोडवरचा दंतवैद्य

आधी ठणक्याविषयी. रूट कॅनाल सांगितलेल्या दाढेचा ठणका थांबला म्हणजे ती बरी झाली, असे समजू नये. पुष्कळदा आतली नस मेल्यामुळे दुखणे थांबते आणि संसर्ग मुळाच्या टोकाशी गुपचूप वाढत राहतो. प्रतिजैविकांनी तो काही काळ दबतो, पण दाताच्या आतली घाण काढल्याखेरीज जात नाही. म्हणून त्या एका दाढेसाठी सहा महिने थांबू नये. गालावर किंवा जबड्याखाली सूज आली, ताप आला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखणाऱ्या दाताजवळ ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवण्याचा घरगुती उपायही करू नये. त्याने हिरडी भाजते.

आता पैशांविषयी. ६०,००० ही एक रक्कम म्हणून पाहिली की छाती दडपते आणि माणूस काहीच करत नाही. ती दातागणिक फोडून घ्या. तिन्ही रूट कॅनाल एकदम करून कॅपसाठी पैसे न उरणे, ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे. रूट कॅनाल झालेली दाढ आतून पोखरलेली असते. कॅपविना ती चावताना उभी चिरली, तर बहुधा काढावीच लागते आणि आधीचा खर्च पाण्यात जातो. म्हणून एक दाढ कॅपसकट पूर्ण करावी, मगच दुसरीला हात लावावा. मागच्या दाढेला झिरकोनियाच हवे असेही नाही. धातूची कॅप दिसायला देखणी नसते, पण मजबूत असते, तिच्यासाठी दात कमी घासावा लागतो आणि ती बरीच स्वस्त पडते.

उरलेल्या दोन दातांत कीड आतल्या नसेला खरोखर भिडली आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरांना एक्स-रे दाखवून विचारावे. फिलिंग मात्र पुढे ढकलू नयेत, कारण आजचे १,५०० रुपयांचे फिलिंग उद्याचे रूट कॅनाल होते. अक्कलदाढ दुखत नसेल, तिच्याभोवती सूज नसेल आणि शेजारच्या दाढेला कीड लागलेली नसेल, तर ती आत्ताच का काढायची, याचे कारण विचारण्यात काही गैर नाही.

आणखी एक. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहा. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कमी होते. तसे झाले असेल तर मागच्या दाढेपर्यंत हत्यार नेणेही कठीण जाते. आपल्याकडे पंचविशीतल्या मुलांतही हे दिसते. खर्रा सुटला असला तरी ही तपासणी करून घ्यावी.

पगारपत्रक वाचणारी

आपल्या पगारातून दरमहा १५० रुपये ईएसआयसाठी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेसाठी, कापले जातात का, ते पाहावे. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ही योजना लागू होते आणि कर्मचाऱ्याचा वाटा ०.७५ टक्के असतो. सोमवारी पेठेतील कामगार विमा रुग्णालयात ई-पहचान कार्ड (या योजनेचे ओळखपत्र) घेऊन चौकशी करावी. कॅप मिळेलच हे गृहीत धरू नये. खासगी आरोग्य विम्याच्या आशेवर मात्र राहू नये, कारण अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. बिनव्याजी हप्त्यांच्या अर्जात प्रक्रिया शुल्क आणि हप्ता चुकल्यावरचा दंड या दोन ओळी आधी वाचाव्यात. मी वाचल्या नव्हत्या.

मनीषनगरचा भाडेकरू

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे. पगारातून कपात होत होती, पण मला पत्ताच नव्हता. कार्डासाठी आता कंपनीत अर्ज दिला आहे. डेंटलमध्ये ठणकणाऱ्या दाढेचे रूट कॅनाल सुरू झाले असून दोन फेऱ्या झाल्या आहेत. उरलेल्या दोनपैकी एका दाताला केवळ फिलिंग पुरेल, असे तिथल्या शिक्षकांनी एक्स-रे पाहून सांगितले. माझ्या तोंडात अडीचच बोटे जातात, त्यामुळे त्याचा वेगळा केसपेपर झाला आहे आणि रोजचा तोंड उघडण्याचा व्यायाम मागे लागला आहे.

बाबांना अखेर फोनवर सांगितले. ते रागावतील असे वाटले होते, परंतु क्षणभर थांबून त्यांनी स्वतःचे खालचे दोन दात वर्षभरापासून हलत असल्याचे सांगितले. मंगळवारी माझी तिसरी फेरी आहे. सकाळच्या एसटीने तेही येत आहेत.