शब्दचर्चा : ‘एव्हांगेलिश’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका जर्मन कथेचा अनुवाद करतेय. काळ 1950च्या आसपासचा, गाव औग्सबुर्गजवळचं, घर कॅथलिक. नातू लग्नाचं बोलतो तेव्हा आजी एवढंच म्हणते, ‘पण ती मुलगी एव्हांगेलिश आहे.’ त्यावर घरात आठवडाभर अबोला. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘पण ती मुलगी प्रोटेस्टंट पंथाची आहे.’ वाचून बघितलं तर इतिहासाच्या गाइडमधलं वाक्य वाटलं. अशा वाक्यावर कोण अबोला धरेल? ‘इव्हँजेलिकल’ करू का? शिवाय पुढे ‘कोन्फेसिओन’ (माणूस कॅथलिक की प्रोटेस्टंट, ते) हा शब्द सारखा येतो. त्याला ‘पंथ’ चालेल?

प्रतिसाद

‘इव्हँजेलिकल’ अजिबात नको. तो शब्द वाचला की आपल्याला हात उंचावून प्रार्थना करणारी, प्रचाराला बाहेर पडणारी मंडळी आठवतात. जर्मनीत ‘एव्हांगेलिश’ हे रविवारी सकाळी मुकाट चर्चला जाणाऱ्या (किंवा न जाणाऱ्या) साध्या प्रोटेस्टंट माणसाचं रोजचं नाव आहे. आपल्या नावानं कुणी ‘लुथेरिश’ म्हणवून घेऊ नये असं धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचं म्हणणं होतं. म्हणून शुभवर्तमानावरून, म्हणजे गॉस्पेलवरून, आलेला हा शब्द.

‘प्रोटेस्टंट’चा जन्म मात्र कचेरीतला. जर्मन साम्राज्याच्या 1526च्या राजसभेनं धर्माच्या बाबतीत राजांना जी मोकळीक दिली होती, ती 1529मध्ये श्पायरच्या सभेत बहुमतानं काढून घेतली गेली. तेव्हा 6 राजे आणि 14 शहरांनी लेखी कळवलं की श्रद्धेच्या प्रश्नात बहुमत आम्हाला बांधत नाही. शाळेत आपण ‘प्रोटेस्टंट म्हणजे निषेध करणारे’ असं घोकलं. निषेध म्हटलं की काळे झेंडे डोळ्यांपुढे येतात. इथे खरा शब्द ‘हरकत’ आहे, सातबाऱ्याच्या फेरफारावर घेतात तशी.

प्रतिसाद

‘पंथ’ला माझी हरकत (वरचा शब्द लगेच उपयोगी पडला). वारकरी, महानुभाव, नाथ : आपल्याकडे पंथात माणूस जातो, माळ घालतो, दीक्षा घेतो. पंथ या शब्दातच वाट आहे. जर्मन माणसाची ‘कोन्फेसिओन’ कित्येक पिढ्या वाटेनं नव्हे, हद्दीनं ठरली. 1555च्या औग्सबुर्ग तहानं ठरलं की प्रदेशाचा धर्म राजा ठरवेल : कॅथलिक किंवा ल्यूथरचा. पटत नसेल तर घरदार विकून दुसऱ्या मुलखात जा. ‘ज्याचा मुलूख त्याचा धर्म’ हे लॅटिन सूत्र वकिलांनी नंतर घडवलं, पण व्यवहार तोच. पुढे तीस वर्षांचं युद्ध झालं. 1648च्या तहात 1624 हे वर्ष धरलं : त्या वर्षी जिथे जो धर्म होता तो तिथे राहील. त्यामुळे पोलंडच्या गादीसाठी सॅक्सनीचा ऑगस्ट 1697मध्ये कॅथलिक झाला तरी त्याची प्रजा ल्यूथरचीच राहिली.

आणि तुमचं औग्सबुर्ग तर विशेष. तिथे दोघे एकाच तटबंदीत राहत. पोपनं दुरुस्त केलेली दिनदर्शिका 1583मध्ये शहरात लागू झाली तेव्हा प्रोटेस्टंट म्हणाले, पोपचे दिवस आम्ही मोजणार नाही. पुढच्या वर्षी त्यावरून दंगा झाला. बाहेरच्या प्रोटेस्टंट राज्यांनी ती दिनदर्शिका 1700मध्ये घेतली. म्हणजे शंभरावर वर्षं शेजारच्या दोन राज्यांत तारखेचा दहा दिवसांचा फरक! 1648नंतर औग्सबुर्गात सरकारी पदं दोघांत समसमान वाटली. 8 ऑगस्टला तिथे शांततेच्या सणाची सुट्टी असते, फक्त त्या एका शहरात.

प्रतिसाद

म्युनिकहून. इथे ‘कोन्फेसिओन’ म्हणजे आधी एक रकाना. घरपत्ता नोंदवायला गेलो तर फॉर्मवर धर्म विचारला. ‘हिंदू’ लिहू लागलो, तर खिडकीपलीकडच्या बाई म्हणाल्या, ते रिकामं सोडा, आम्हाला करापुरतंच हवंय. चर्चचा कर इथे सरकारच कापून देतं : बायर्न (बव्हेरिया) आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांमध्ये आयकराच्या 8 टक्के, इतरत्र 9. कर नको तर सरकारी कचेरीत जाऊन चर्च सोडल्याचं लिहून द्यायचं.

अबोल्यासाठी एक मसाला देतो. दोन्हींची वस्ती असलेल्या गावांतले किस्से म्हातारी माणसं अजून सांगतात. गुड फ्रायडे प्रोटेस्टंटांचा सगळ्यात गंभीर दिवस, तर कॅथलिक शेतकरी नेमके त्याच दिवशी शेणखताच्या गाड्या बाहेर काढायचे. आणि फ्रोनलाइशनामला (कॅथलिकांचा ‘कॉर्पस क्रिस्टी’ सण) कॅथलिकांची मिरवणूक निघाली की प्रोटेस्टंट बाया दोरीवर धुणं वाळत घालायच्या. तुमच्या आजीला हे सगळं आठवत असणार.

प्रतिसाद

मग सरळ ‘जात’ वापरा की. ‘ती मुलगी आपल्या जातीची नाही.’ मराठी वाचकाला अबोला ताबडतोब कळेल.

प्रतिसाद

कळेल, पण चुकीचा कळेल. जात कचेरीत अर्ज देऊन सुटत नाही. आजीची भीतीही वेगळी आहे. कॅथलिक चर्चच्या 1917च्या संहितेप्रमाणे, नातवानं प्रोटेस्टंट पाळकापुढे लग्न लावलं तर तो बहिष्कृत, कम्युनियनला (चर्चमधल्या प्रभुभोजनाला) मुकला. कॅथलिक धर्मगुरूपुढे लावायचं तर मुलं कॅथलिकच वाढवू असं आधी कबूल करावं लागे. आजीच्या मनात पतवंडाचा बाप्तिस्मा आहे.

मी नगरकडची. आमच्याकडे हा फरक बोलण्यातच कळतो. ‘उपासनेला’ गेले, ‘पाळकसाहेब’ आले, की प्रोटेस्टंट. ‘मिस्साला’ गेले, ‘फादर’ आले, की कॅथलिक. (आमच्या भागात आलेले कॅथलिक फादर जर्मन जेझुइट होते. बिस्मार्कच्या काळात, 1872च्या कायद्यानं त्यांच्या संघाला जर्मनीतच बंदी झाली होती!) असं एखादं वाक्य आजीच्या तोंडी घाला, पंथाचं नावही घ्यावं लागणार नाही. एक विचारते : मूळ कथेत आजी खरंच ‘एव्हांगेलिश’ म्हणते का? बायर्नमधली जुनी कॅथलिक माणसं नाक मुरडून ‘लुथेरिश’ म्हणायची.

मूळ प्रश्नकर्ती

आत्ता पुन्हा पाहिलं. आजी एका ठिकाणी ‘एव्हांगेलिश’ म्हणते, तेही मुलगी समोर असताना. ती गेल्यावर स्वयंपाकघरात ‘लुथेरिश’. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दोन्हीकडे ‘प्रोटेस्टंट’ लिहून मोकळी झाले होते. आता समोरासमोर ‘तुमच्यात उपासना किती वाजता असते गं?’ आणि स्वयंपाकघरात ‘पोरगी गुणी आहे रे, पण ल्यूथरवाल्यांची.’ फॉर्मच्या प्रसंगात ‘कोन्फेसिओन’साठी ‘धर्माचा रकाना’ घेतलाय. ‘पंथ’ फक्त पाद्र्याच्या भाषणात ठेवते, तो तसाही पुस्तकीच बोलतो.