मदत हवी आहे : 'ब्रेकिंग बॅड' न पाहता 'बेटर कॉल सॉल'

'ब्रेकिंग बॅड' ही मूळ मालिका न पाहिलेल्या दोघांना तिच्या आधीची गोष्ट सांगणाऱ्या 'बेटर कॉल सॉल'चा पहिला सीझन (२०१५, १० भाग) दाखवतोय. मारधाड नको, कोर्टकचेरी चालेल, म्हणून सुरुवात इथून. भाषेची अडचण नाही, सबटायटल्स आहेत.

पहिले दोन भाग झाले. सुरुवातीचा ओमाहा शहरातला कृष्णधवल प्रसंग पुढे ढकलला, कारण तो 'ब्रेकिंग बॅड'नंतरचा आहे आणि नायक असलेल्या वकील जिमीचं पुढे काय होतं ते तिथेच फुटतं. पहिल्या भागाच्या शेवटी 'ब्रेकिंग बॅड'मधला गुंड टुको दार उघडतो तेव्हा जुने चाहते उडालेच होते. इथे मात्र 'हा कोण?' एवढंच. वाळवंटात पाय मोडण्यावरून जिमीने टुकोशी केलेली घासाघीस मात्र दोघांनाही जाम आवडली.

'संथ आहे' ही तक्रार माहीत आहे, मला ती पटत नाही. 'आधी मूळ मालिकाच बघा' हे उत्तरही नको, ते जमणार नाही.

ज्यांनी खरोखर प्रीक्वेल आधी पाहिलं त्यांनाच विचारतो : सहाव्या भागातली माजी पोलीस माइकची कबुली आणि नवव्यातला जिमीचा भाऊ चकचा धक्का तेवढाच बसला का? आणि तो वगळलेला प्रसंग दहाव्या भागानंतर दाखवू, की 'ब्रेकिंग बॅड' संपेपर्यंत राखून ठेवू?