आवर्तसारणी रंगवायचीय शाळेत, पण तीच चौकटीची नको! डिझाइन सुचवा

विज्ञानवाल्या_बाई
नमस्कार मंडळी. तासगाव-विटा भागात हायस्कूलला सायन्स शिकवते. माजी विद्यार्थ्यांनी थोडे पैसे जमवून दिलेत, त्यातनं प्रयोगशाळेबाहेरच्या भिंतीवर आवर्तसारणी रंगवून घ्यायचीय. भिंत साधारण २० बाय १० फूट. नेटवर बघायला गेले तर गोगलगायीसारखी, आकाशगंगेसारखी, जिन्यासारखी, काय काय प्रकार निघाले आणि माझंच डोकं फिरलं. यातलं कुठलं नुसतं दिसायला भारी आहे आणि कुठल्यातनं पोरांना खरंच काही कळेल? दहावीची पोरं आहेत, डोबेरायनरची त्रिकं आणि न्यूलँड्सची अष्टकं त्यांची झालीत.

कडेपूरचा_केमिस्ट
बाई, आधी एक चाळणी लावा. प्रत्येक घरात कार्टून नाहीतर फोटो टाकलेली डिझाइन्स बाजूला ठेवा, ती सजावट झाली, मांडणी जुनीच. खरी मजा मांडणी बदलणाऱ्यांत आहे. थिओडोर बेन्फी यांनी १९६४ साली गुंडाळी केली, मधोमध हायड्रोजन, तिथनं फिरत फिरत बाहेर, आणि संक्रमण धातूंना, लँथनाइडना बाजूला फुगवटे काढून जागा दिली, म्हणजे नेहमीच्या सारणीत खाली तोडून ठेवलेल्या लँथनाइड-ॲक्टिनाइडच्या दोन ओळींची भानगडच नाही. चार्ल्स जेनेट नावाचा फ्रेंच माणूस, मुंग्यांचा अभ्यास करणारा, त्यानं १९२८ च्या सुमारास डाव्या बाजूला पायऱ्या उतरत जाणारी सारणी मांडली. इलेक्ट्रॉन ज्या क्रमानं भरतात त्या हिशोबानं ती फार नेटकी आहे पण त्यात हेलियम हा निष्क्रिय वायू बेरिलियम या धातूच्या डोक्यावर जातो, दहावीला ते कसं समजावणार?
आणि भिंतीचंच म्हणाल तर, १९५१ साली लंडनच्या एका प्रदर्शनात एडगर लाँगमन या चित्रकाराची गोल फिरणारी आवर्तसारणी भिंतीवर होती, ती फिलिप स्ट्युअर्ट यांनी शाळकरी वयात बघितली आणि पुढं २००४ मध्ये त्यांनी ती आकाशगंगेची सारणी केली. तुम्ही बघितलेली बहुतेक तीच.

मार्कांचं_बोला
एवढी हौस कशाला ओ मॅडम. बोर्डाच्या पेपरात गुंडाळी विचारत नाहीत, गण आणि आवर्त विचारतात. १८ उभे गण, ७ आडवी आवर्तं, खाली एक ओळ मोकळी सोडून दोन पट्ट्या, म्हणजे एक फुटाचं घर धरलं तर १८ बाय १० फूट. तुमच्या भिंतीत फिट बसतंय बघा. पोरं येता-जाता बघतील आणि पाठ होईल, अजून काय पाहिजे.

कडेपूरचा_केमिस्ट
@मार्कांचं_बोला पाठ होईल हो, पण पाठ कशाला करायचंय? चौकटीची मेन खोट उजव्या कडेला आहे. निऑन १० नंबर, सोडियम ११, सख्खे शेजारी, पण एक पार उजव्या टोकाला आणि दुसरा खालच्या ओळीत पार डावीकडं. पोराला वाटतं तिथं काहीतरी संपलं. संपत काहीच नाही, कागद संपतो. हे मेंडेलीव्हच्या आधी १८६२ लाच द शांकुर्त्वा या फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञानं ओळखलं होतं, त्यानं मूलद्रव्यं नळकांड्यावर तिरकी गुंडाळत नेली, सारखे गुणधर्म एकाखाली एक आले. पण त्याचा लेख छापताना आकृतीच गाळली, मग कोणाला काय कळणार, कप्पाळ? विल्यम क्रूक्स या इंग्रज शास्त्रज्ञानं १८९८ मध्ये इंग्रजी आठच्या आकारात वरनं खाली उतरणारं मॉडेल केलं ते अजून लंडनच्या सायन्स म्युझियमला आहे.
बाई, शाळेत गोल खांब वगैरे काही आहे का?

विज्ञानवाल्या_बाई
खांब चौकोनी आहेत. पण एक जुनी सिमेंटची गोल टाकी आहे, वापरात नाही, सहा फूट व्यास, नऊ फूट उंच. चालेल??

मिरजेचा_पेंटर
चालेल काय, पळेल. मी शाळांचीच कामं करतो म्हणून बोलतोय. सहा फूट व्यास म्हणजे घेर पावणेएकोणीस फुटाच्या वर, १८ घरं फुटाफुटाची पाडली की जवळजवळ मिटलं. एका फेऱ्यात एक घर खाली उतरवायचं म्हणजे सात फेऱ्यांना आठ फूट लागतील. खडूची दोरी गोल पृष्ठभागावर मारता येत नाही, त्यामुळं ओळंबा सोडून उभ्या रेघा आधी पाडा आणि तिरकी रेघ प्रत्येक घराला पाऊण इंचाच्या थोडी कमी उतरवत न्या. जुन्या टाकीला लोणा, म्हणजे ओलीनं फुटणारा पांढरा क्षार, असणारच, तो घासून काढून प्रायमर, मगच एक्स्टेरियर इमल्शन. लोणा तसाच ठेवून वर रंग मारला तर पावसाळ्यात पापुद्रे सुटून निम्मं शास्त्र खाली पडेल.

विटेकर_गलाई
लई भारी कल्पना. एक सांगू का, तांबं-चांदी-सोन्याचा गण रस्त्याकडनं दिसेल असा घ्या. आमचं घराणं गलाईतलं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम, खानापूर-आटपाडीची निम्मी माणसं याच धंद्यात देशभर पसरलीत. भट्टीवर जे चालतं ते याच उभ्या ओळीत आहे. सोन्याचांदीचा गाळ, त्यात चांदी भरपूर पाहिजे, नायट्रिकमध्ये टाकला की चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला तपकिरी पूड होऊन बसतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी खाली बसते आणि पाणी निळं व्हायला लागतं, कारण आता तांबं गेलं पाण्यात. वर तांबं, मधी चांदी, खाली सोनं, जसं खाली जाल तसं विरघळायला नाखूष. सोन्याला अम्लराजच लागतं, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचं मिश्रण. पोरांच्या घरात हे रोज चालतं पण पुस्तकाशी त्याची गाठ कुणी घालून देत नाही.

बागायतदार_सावळज
मग आमचंपण घ्या की. वरच्या फेऱ्यांत मोकळी जागा किती सुटते, दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात दहा-दहा घरं. तिथं द्राक्षवेल काढा आणि रेघ ओढून मूलद्रव्याला जोडा. वेलीवरच्या भुरी रोगाला गंधक, डाउनी रोगाला बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, तांबं आणि कॅल्शियम दोन्ही आलं. मणी फुगायच्या वेळचं पोटॅश.

केमिस्ट्रीवाली_ताई
वेल छानच, पण भिंत मोकळी राहिली ना? तिथं युरोपातल्या केमिकल सोसायट्यांनी २०१९ ला काढलेला तक्ता बघा, मूलद्रव्य पृथ्वीवर जितकं जास्त तितकं त्याचं घर मोठं, आणि पुढच्या १०० वर्षांत टंचाई येईल ती लाल. फुग्यातला हेलियम लाल, मोबाइलच्या स्क्रीनमधलं इंडियम लाल. सोनं तर काळं, खाणींवरनं लढाया होतात म्हणून, गलाईवाल्यांनी राग मानू नये 😀

विज्ञानवाल्या_बाई
टाकी फिक्स! भिंतीवर @मार्कांचं_बोला यांची चौकट करते, पेपरही सांभाळायचाय, टंचाईचा तक्ता वर्गात चार्टवर. लँथनाइड-ॲक्टिनाइड मात्र टाकीवर कुठं बसवू? आणि मूलद्रव्यं सध्या ११८, सातवा फेरा बरोबर भरतो, उद्या ११९ वं सापडलं तर?

कडेपूरचा_केमिस्ट
लँथनाइडसाठी त्या घराजवळ बिजागरीवर पत्र्याचं पान लावा, उघडलं की १४ घरं.

मिरजेचा_पेंटर
पत्रा नको, पोरांचे हात कापतील, प्लायवूड घ्या आणि कडा घासून. ११९ साठी खाली एक फूट उरतोय खरा, पण तिथं पावसाचा चिखल उडतो, मी तो पट्टा दरवेळी काळाच मारतो. नवीन मूलद्रव्य सापडलं तर त्याला चिखलातच राहावं लागेल.