पाठिंबा नेमका कुणाला?

सैन्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांवर संशय घेणं म्हणजे जवानांचं मनोधैर्य खच्ची करणं, असं म्हटलं जातं; हा मुद्दा पटला नाही. अमेरिकेतलं थ्री-एम कंपनीचं इअरप्लगचं, म्हणजे सैनिकांनी आवाजापासून बचावासाठी कानात घालायच्या बुचांचं, प्रकरण बघा. दोन तोंडांचा प्लग: पिवळं टोक घातलं तर बोलणं ऐकू येतं, हिरवं घातलं तर सगळे आवाज अडतात. कल्पना झकास! पण दांडी आखूड, त्यामुळे प्लग कानात नीट बसायचा नाही, नकळत सैल व्हायचा. सरकारचा आरोप असा की, कंपनीला हा दोष ठाऊक असूनही तिने तो लष्कराला सांगितला नाही. २०१८ मध्ये ९१ लाख डॉलरवर तडजोड झाली, तीही आरोप मान्य न करता. पुढे कान गेल्याची तक्रार घेऊन लाखो आजी-माजी सैनिक कोर्टात गेले, तेव्हा २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलर द्यायचं ठरलं.

आणि सरकारी खटल्याची सुरुवात केली कुणी? एका प्रतिस्पर्धी कंपनीने! देशप्रेमाने म्हणा, धंद्याच्या चुरशीने म्हणा. लिंकनच्या काळातला, १८६३ चा कायदा तिच्या कामी आला. यादवी युद्धात ठेकेदारांनी सैन्याला निकृष्ट माल खपवला म्हणूनच तो झाला होता. या कायद्यानुसार सरकारची फसवणूक उघड करणाऱ्याला वसुलीत वाटा मिळतो. तेव्हा असले प्रश्न विचारणाऱ्यांना सैन्यविरोधी कसं म्हणायचं?