मदत हवी आहे: हिरो भिंतीतून आरपार जातोय

टिवल्याबावल्या:
डोकं पिकलंय. पहिलाच गेम, साधा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम). भिंत आली की हिरो सरळ आत घुसतो. कोलिजन शेप (टक्कर ओळखणारे आकार) लावलेत, नीट तपासलेत. वर मित्राच्या पीसीवर तोच हिरो दुपटीहून जास्त वेगाने पळतो! शनिवारी गेम जॅमला (ठरावीक मुदतीत गेम बनवायच्या उपक्रमाला) द्यायचाय, लवकर सांगा.

पिक्सेलपंत:
गेम बनवायचं इंजिन (सॉफ्टवेअर) कोणतं? आवृत्ती? कोड? एवढ्यावरून काय कुंडली मांडायची?

खटपट्या:
युनिटी इंजिन घे. रिजिडबॉडी (वस्तूला भौतिकीचे नियम लावणारा घटक) लावली की भिंत आपोआप अडवते. विषय संपला.

चकवा:
संपला कसा? तिथेही ट्रान्सफॉर्म (वस्तूची जागा) थेट सरकवला तर हेच होणार. आणि २०२३ मध्ये युनिटीवाले गेमच्या इन्स्टॉलमागे पैसे लावायला निघाले होते ते?

खटपट्या:
२०२४ मध्ये मागे घेतलं की. किती उगाळणार?

मृण्मयी:
स्टीमवर (गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात) टाकायचा तर गेममागे १०० डॉलर भरावे लागतात हं. १००० डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात.

टिवल्याबावल्या:
स्टीम कुठून आलं मध्येच?? गोडो इंजिन वापरतोय. प्रोसेस फंक्शनमध्ये (ते दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला चालतं), बाण दाबला की पोझिशनच्या एक्समध्ये (आडव्या जागेत) ५ मिळवतो. बस.

पिक्सेलपंत:
हे आधी सांगायचं ना! दर फ्रेमला ५ पिक्सेल, म्हणजे जितके फ्रेम तितका वेग. मित्राचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ फ्रेम) असणार, तुझा ६०चा. आणि पोझिशन थेट बदलली की टक्कर तपासलीच जात नाही. हिरो कॅरेक्टरबॉडी टूडी (गोडोचा पात्रांसाठीचा प्रकार) कर, फिजिक्स प्रोसेसमध्ये (ठरावीक वेळाने चालणाऱ्या फंक्शनमध्ये) वेलॉसिटी, म्हणजे वेग, ठरव आणि मूव्ह अँड स्लाइड (टक्कर तपासत सरकवणारं फंक्शन) कॉल कर. वेग सेकंदाला मोजायचा, ५ नव्हे, ३०० (५ गुणिले ६०).

चकवा:
डेल्टाने (दोन फ्रेममधल्या वेळाने) गुणायला विसरू नको.

पिक्सेलपंत:
नको रे! मूव्ह अँड स्लाइड डेल्टा स्वतःच धरतं. वेगाला पुन्हा गुणलंस तर हिरो जेमतेम सरकेल. ग्रॅव्हिटी वेगात मिळवताना मात्र गुणायचं.

जुनाजाणता:
पहिला गेम पाँगच (टेबल टेनिससारखा जुना, सोपा गेम) करावा. आम्ही फ्लॅशमध्ये (ब्राउझरमधले गेम बनवायचं जुनं सॉफ्टवेअर)...

चकवा:
आजोबा, फ्लॅश २०२० मध्येच गेलं.

टिवल्याबावल्या:
भिंत अडवतेय!! पण आता उडी टिचभरच जाते आणि हिरो तरंगत खाली येतो. गोडोची आवृत्ती ४ आहे.

पिक्सेलपंत:
दर फ्रेमला अख्खी वेलॉसिटी नव्याने लिहितोयस, वायमध्ये (उभ्या दिशेत) शून्य टाकून. फक्त एक्स बदल. आणि आता तरी कोड डकव.