आकृती म्हणते जंगल, नकाशा म्हणतो गवत. भिंतीवर काय रंगवू?

नकाशावेडी

एका शाळेच्या जिन्याची भिंत माझ्या हवाली झाली आहे. वर मथळा ‘जीवावरण’, खाली जगाचा नकाशा, पण देशांऐवजी बायोम, म्हणजे हवामानाप्रमाणे पडणारे जीवसृष्टीचे मोठे पट्टे: टंड्रा, सूचिपर्णी अरण्यं, पानझडी, गवताळ, वाळवंट, सदाहरित वगैरे. मी रंगवणारी, शिकवणारी नाही. भूगोल शाळेतच सुटला होता. म्हणून आधी वाचायला घेतलं आणि तिथेच फसले.

व्हिटेकर या परिसंस्थांच्या अभ्यासकाची ती प्रसिद्ध आकृती आहे ना, एका अक्षावर तापमान, दुसऱ्यावर पाऊस? दोन आकडे घाला, बायोम हजर. म्हटलं, सुटलो. एक दुपार घालवून वीसेक ठिकाणांच्या सरासऱ्या ताडून पाहिल्या. टोकाची ठिकाणं चोख जमली: सहारा, सैबेरिया, ॲमेझॉन. मधली बिनसली. वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस, २४-२५ अंश सरासरी, आणि आफ्रिकेत एकीकडे उंच गवतात विरळ झाडं (सॅव्हाना), तर दुसरीकडे तेवढ्याच आकड्यांत दाट झाडी. मी काय चुकतेय?

शिवाय टंड्रात कित्येक ठिकाणी पाऊस-बर्फ मिळून २५० मिलिमीटरही होत नाही. वाळवंटाची मर्यादा तीच सांगतात. मग फोटोंत तिथे डबकी आणि चिखल कसा?

आणि बायोम एकूण किती? कुठे पाच, कुठे आठ, कुठे चौदा. रंगाचे डबे सात आहेत म्हणून विचारतेय. समुद्राची चिंता नाही, त्याला निळ्याचा मोठा डबा आणून ठेवलाय.

मातीमोल

तुमच्या आकृतीत मधल्या भागाभोवती एक तुटक रेघ आहे का? बघून सांगा.

नकाशावेडी

नाही. नुसते रंगीत कप्पे आहेत.

मातीमोल

वाटलंच. मूळ आकृतीत व्हिटेकरने ती ओढली होती. तिचा अर्थ असा की या पट्ट्यात गवत माजेल की झाडी, हे नुसत्या दोन सरासऱ्यांवरून सांगता येणार नाही. आग किती वेळा लागते, माती कशी आहे, पाऊस वर्षभर पडतो की चार महिन्यांत उरकतो, हे सगळं बघावं लागतं. पुढे छापणाऱ्यांनी कप्प्यांत झकास रंग भरले आणि रेघ गाळली. माझा हा जुना राग आहे, असो. सांगायचं ते हे की तुमची दुपार फुकट गेली नाही. तुम्ही ती रेघ आपली आपणच शोधलीत.

गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीत असतो. वरचं पातं जळो की गुरं चरोत, पहिल्या पावसाला ते पुन्हा हजर. झाडाच्या रोपाचा कोंब शेंड्याला. ज्वाळांच्या वर डोकं निघेपर्यंत ते दर दोन-तीन वर्षांनी जळतं, बुडखातून फुटतं, परत जळतं. असं एक रोप मी स्वतः खणून काढलंय. वर गुडघ्याएवढी काडी, सहा-सात पानं. खाली मूळ माझ्या मनगटाहून जाड, आणि मातीलगत जुन्या जळक्या फुटव्यांच्या खुंट्यांची गाठच गाठ. बिचारं किती वर्षं तिथेच अडकून होतं कुणास ठाऊक. आग थांबली असती तर त्याचं झाड झालं असतं.

हे मोजूनही पाहिलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून साधारण सात-सात हेक्टरचे तुकडे आखून ठेवलेत. काही दरवर्षी जाळतात, काही दोन-तीन वर्षांआड, काही अजिबात नाही. उद्यानाच्या जास्त पावसाच्या भागात न जाळलेल्या तुकड्यांमध्ये झाडोरा दाटत गेला. शेजारच्या जळत्या तुकड्यावर पाऊस तोच, ऊन तेच.

टंड्राचं सोपं आहे. पाणी थोडं पडतं, पण जाणार कुठे? खाली जमीन बारमाही गोठलेली, म्हणजे मुरत नाही. वर थंडी, म्हणजे उडत नाही. उन्हाळ्यात वरचा हातभर थर वितळतो आणि पाणी त्यातच तुंबतं. पडलं किती यापेक्षा उरलं किती ते बघा.

संख्येचं म्हणाल तर जागतिक वन्यजीव निधीच्या यादीत जमिनीवरचे १४ आहेत, त्यात खारफुटीलाही स्वतंत्र जागा. शाळेची पुस्तकं त्यातले बरेच एकत्र बांधतात. डबे सात आहेत ना? मग बायोम सात.

सरळसोट

पोरांना एवढं कळणार आहे का? रेघा ओढा, रंग भरा, मोकळ्या व्हा.

दर्यावर्दी

‘समुद्राची चिंता नाही’ वाचून राहवलं नाही. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग एका डब्यात उरकणार?

मी मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो. इंजिनरूमला खिडकी नसते, त्यामुळे समुद्र आम्हाला दिसतो कमी. पण इंजिनं थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि त्या वाटेवर स्ट्रेनर असतो, म्हणजे भोकं पाडलेली धातूची बादलीच म्हणा. ती काढून साफ करायची. मला समुद्र कळला तो या बादलीतून. दक्षिण पॅसिफिकच्या मध्यावर आठवड्याने उघडली तरी धुऊन ठेवल्यासारखी. पेरूच्या किनाऱ्याजवळ एका वॉचमध्ये, म्हणजे एका पाळीत, दोनदा उघडावी लागली: बुळबुळीत हिरवट थर, जेलीफिशचा लगदा, त्यात बोटाएवढे मासे, आणि वास असा की साबणाने तीनदा धुतले तरी हात आपले वाटत नव्हते. डेकवर गेलो तर तिकडे मध्यावर पाणी शाईसारखं निळं होतं, इथे पेरूला गढूळ हिरवं.

निळाशार समुद्र म्हणजे वाळवंट, ताई. ऊन आहे, पाणी आहे, खत नाही. जंगलात पान गळलं तर झाडाच्या पायाशी पडतं, कुजतं, मुळं ते परत ओढतात. समुद्रात मेलेलं प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, बुडायला लागतं. हिरव्या जिवाला पुरेल असा उजेड फार तर २०० मीटरपर्यंत, आणि समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास. म्हणजे पान गळतं वरच्या मजल्यावर आणि खत जमतं अठरा मजले खाली. पेरूला मात्र वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून बाहेर लोटतो आणि त्याच्या जागी खालचं गार, खतावलेलं पाणी वर येतं. म्हणून तिथली बादली भरते.

पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळजवळ निम्मा वाटा या प्लवकांचा. फक्त जंगलासारखा साठा दिसत नाही. आज उगवलं, चार दिवसांत कुणीतरी गिळलं.

१९७७ मध्ये गालापागोसजवळ अडीच किलोमीटर खोल गरम झऱ्यांभोवती भरगच्च वस्ती सापडली. तिथे उजेड नाही. जिवाणू झऱ्यातल्या गंधकाच्या संयुगांवर अन्न तयार करतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर जगतात. पण ते तुमच्या भिंतीवर दिसायचं नाही, सोडून द्या.

काचघर

अवांतर, पण तुटक रेघेवरून आठवलं. ॲरिझोनात ‘बायोस्फिअर २’ नावाचं बंद काचघर बांधलं होतं (क्रमांक एक म्हणजे आपली पृथ्वी). वर्षावन, सॅव्हाना, वाळवंट, खारफुटी, छोटा समुद्रसुद्धा. १९९१ ते १९९३ आठ माणसं आत राहिली. प्राणवायू २१ टक्क्यांवरून १४ च्या आसपास उतरला, कारण खतावलेल्या मातीतले जिवाणू तो खात होते. शेवटी बाहेरून सोडावा लागला. हे सगळ्यांना माहीत असतं. मला गंमत वाटते ती त्यांच्या वाळवंटाची. आतला ओलावा आवरला नाही आणि तिथे झुडपं माजली. पाटी वाळवंटाची, खाली झुडुपवन.

नकाशावेडी

सरळसोट, रेघा ओढून झाल्या होत्या हो. सॅव्हानाची काल रात्री पुसली.

आता तिथे स्पंज घेतलाय. पिवळ्यावर हिरवे ठिपके, दक्षिणेकडून विषुववृत्ताकडे येताना दाट करत. जवळून डाग दिसतात, जिन्याच्या खालच्या पायरीवरून बरोबर वाटतं. मातीमोल, तुमच्या त्या गुडघ्याएवढ्या रोपाचं मूळ कोपऱ्यात काढतेय. जाडी मनगटाएवढीच ठेवते.

दर्यावर्दी काका, पेरूखेरीज आणखी कुठे बादली भरायची ते सांगा. निळा डबा उघडलेला नाही, आणि हिरवा अर्धाच उरलाय.

दर्यावर्दी

नामिबियाचा किनारा. किनाऱ्यावर वाळवंट, पाण्यात हिरवं. आणि दक्षिण पॅसिफिकच्या मध्याला सगळ्यात गडद निळा द्या, तिथे हिरवा अजिबात खर्च करू नका.